सौर जलतापक आणि उतरते छप्पर : एक ऐतिहासिक विचार

सूर्याच्या उष्णतेने पाणी तापविणाऱ्या यंत्राचा इतिहास सामान्यतः दोन अंगांनी सांगितला जातो. एक अंग संशोधकांच्या कल्पकतेचे, दुसरे इंधनाच्या बाजारभावाचे. ही दोन्ही अंगे महत्त्वाची आहेत यात शंका नाही. परंतु तेवढ्याने हा इतिहास पुरता उलगडत नाही. यंत्र ज्यावर बसवावयाचे, त्या छपराचाही या इतिहासात मोठा वाटा आहे. भार कोणी पेलावा, पावसाचे पाणी कोठून वाहावे आणि टाकी कोणत्या उंचीवर असावी, या तीन प्रश्नांची उत्तरे छपरानेच दिली, आणि त्या उत्तरांनुसार यंत्राचे रूप पालटत गेले.

काचेने झाकलेल्या पेटीत उष्णता कोंडली जाते, हे स्विस शास्त्रज्ञ होरेस द सोस्यूर याने १७६७ मध्ये प्रयोगाने दाखविले होते. या तत्त्वावर घरगुती वापराचे यंत्र विकण्याचे श्रेय बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केम्प याला दिले जाते. त्याने १८९१ मध्ये ‘क्लायमॅक्स’ या यंत्राचे एकस्व मिळविले. काळ्या रंगाच्या धातूच्या टाक्या काच लावलेल्या लाकडी पेटीत ठेवावयाच्या, एवढीच त्याची रचना होती. सर्वांत लहान यंत्रात सुमारे ३२ गॅलन, म्हणजे जवळजवळ १२० लिटर पाणी मावे. पाण्याचाच भार १२० किलोग्रॅम. त्यात लोखंड, लाकूड व काच यांची भर. म्हणून हे यंत्र कधी छपरावर, तर कधी दक्षिणाभिमुख भिंतीवर बसवीत. लॉस एंजेलिसच्या फ्रँक वॉकर याने १८९८ मध्ये निराळा मार्ग काढला. त्याने पेटी छपरातच बसविली आणि तिची काच छपराच्या पृष्ठभागाशी समतल ठेवली. त्यामुळे वाऱ्यापासून संरक्षण मिळाले व घराचे रूपही बिघडले नाही. मात्र पेटीभोवतीचा प्रत्येक सांधा आता पावसाच्या वाटेत आला.

या दोन्ही यंत्रांत पाणी तापविण्याची व साठविण्याची जागा एकच होती. त्यामुळे दिवसा तापलेले पाणी रात्री निवून जाई. हा दोष विल्यम बेली याने १९०९ मध्ये ‘डे अँड नाइट’ यंत्राने दूर केला. काचेखाली काळ्या पत्र्याला जोडलेल्या नळ्या छपरावर आणि उष्णतारोधक आवरणातील टाकी वेगळी, अशी त्याची योजना होती. तापलेले पाणी हलके होऊन वर चढते व थंड पाणी खाली उतरते; त्यामुळे पंपाची गरज उरत नाही. परंतु त्यासाठी टाकी तापकपट्टाच्या वर असली पाहिजे, ही अट अटळ ठरली. उतरत्या छपराच्या घरात ही जागा आढ्याखालच्या माळ्यावर तरी मिळे, नाहीतर टाकी छपराबाहेर काढावी लागे. काही घरांवर ती खोट्या धुराड्याच्या आवरणात दडवली गेली. बाह्यतः अलंकार वाटणारी ही गोष्ट वस्तुतः पाण्याच्या अभिसरणाच्या नियमाने घरावर लादलेली होती.

छपरावर उघडे राहण्याची किंमतही लवकरच कळली. १९१३ च्या जानेवारीत दक्षिण कॅलिफोर्नियात कडाक्याचा गारठा पडला आणि नळ्यांतील पाणी गोठून नळ्या फुटल्या. तेव्हा बेलीने छपरावरील नळ्यांत पाणी व अल्कोहोल यांचे मिश्रण फिरविले आणि टाकीतील वेटोळ्यामार्फत उष्णता पाण्याला दिली. तथापि १९२० ते १९३० या दशकात लॉस एंजेलिसच्या परिसरात नैसर्गिक वायू विपुल सापडला व तेथील मागणी ओसरली. यंत्राचा पुढचा बहर फ्लोरिडात आला. १९४१ च्या सुमारास मायामीतील निम्म्याहून अधिक लोक सूर्यतप्त पाणी वापरीत होते. महायुद्धकाळात तांब्याच्या वापरावर निर्बंध आले, युद्धानंतर वीज स्वस्त झाली आणि जुन्या टाक्या गंजून फुटू लागल्या. माळ्यावरील टाकी फुटणे म्हणजे खालची खोली भिजणे होय; अशा यंत्रावरील विश्वास उडाल्यास नवल नाही.

कॅलिफोर्नियातील पुष्कळ छपरे लाकडाच्या पातळ फळ्यांची होती व त्यांत खिळा ठोकणे सोपे होते. कौलांचे तसे नाही. कौल हे भार पेलण्यासाठी नसते, पाणी वाहून नेण्यासाठी असते. वरच्या कौलाची खालची कड खालच्या कौलावर येते, एवढ्यावरच सारी व्यवस्था उभी असते. कौलाला भोक पाडले की ती मोडते. म्हणून आजच्या पद्धतीत प्रथम कौल उचलून खालचा वासा उघडा करतात. वाशाला पोलादी आकडा स्क्रूने जखडतात. त्याचा हात दोन कौलांच्या मधून, खालच्या कौलावर न टेकता, बाहेर काढतात आणि वरच्या कौलाची आतली बाजू तेवढी घासून ते पुन्हा बसवितात. आकड्यांवर आडव्या पट्ट्या व पट्ट्यांवर तापकपट्ट येतो. नळी बाहेर पडते तेथे शिशाचा पत्रा लावतात; त्याची वरची कड वरच्या ओळीखाली व खालची कड खालच्या ओळीवर असते. म्हणजे पत्र्यालाही कौलाचाच धर्म पाळावा लागतो. ब्रिटनमध्ये आढळणाऱ्या पाटीच्या दगडाच्या छपरावर काम अधिक नाजूक असते. तेथील प्रत्येक फरशी खिळ्यांनी जखडलेली असल्यामुळे ती उचलता येत नाही. खिळे कापून काढावी लागते आणि पुन्हा बसविताना धातूच्या पट्टीने अडकवावी लागते.

कोकणच्या दृष्टीने हा विचार केवळ परदेशीय राहत नाही. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढला आणि पुढे मंगलोरी कौल पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र पसरले. हे कौल खाचांनी परस्परांत गुंतते व रिपांवर स्वतःच्या वजनाने राहते. त्याच्या छपराचा उतार सामान्यतः ३० अंशांच्या आसपास असतो. कोकणाच्या अक्षांशावर हिवाळ्यातील सूर्यासाठी तो अनुकूलच आहे, मात्र पाखे दक्षिणेकडे असले पाहिजे. नळीच्या कौलांचा प्रश्न वेगळा आहे. मृगापूर्वी दरवर्षी त्यांची शाकारणी करावी लागते. ज्या पाख्यावर तापकपट्ट कायमचा बसला, तेथे शाकारणाऱ्याचा हात पोहोचत नाही. शिवाय शेकडो किलोंची भरलेली टाकी बांबूच्या वा बारीक वाशांवर ठेवता येत नाही. तिच्यासाठी भिंतीचा आधार शोधावा लागतो, किंवा पंप लावून ती खाली न्हाणीघराजवळ आणावी लागते. भारतीय शहरांत सौर जलतापक प्रामुख्याने काँक्रीटच्या सपाट गच्चीवर स्थिरावला, याचे एक कारण येथे सापडते. गच्चीवर टाकी हव्या त्या उंचीच्या घोडीवर ठेवता येते आणि पट्ट हव्या त्या दिशेला वळविता येतो.

या विवेचनावरून एक गोष्ट स्पष्ट होते. उष्णता मिळविण्याचा प्रश्न केम्पनेच बऱ्याच अंशी सोडविला होता आणि ती रात्रभर टिकविण्याचा बेलीने. परंतु त्यानंतरही यंत्राला घरात स्वाभाविक जागा मिळाली नाही. जेथे छप्पर बांधतानाच यंत्राचा विचार झाला, तेथे ते घराचा भाग बनले. जेथे ते मागाहून लादले गेले, तेथे पहिल्या गळतीबरोबर त्याची निंदा सुरू झाली. म्हणून या यंत्राचा इतिहास अभ्यासणाऱ्याने एकस्वांच्या नोंदींइतकेच सुताराच्या व कौले चढविणाऱ्याच्या ज्ञानाकडे लक्ष दिले पाहिजे. ते ज्ञान बहुधा लिहून ठेवलेले नाही. छपरांच्या सांध्यांतच ते जतन झालेले आहे, आणि कौलारू घरे जसजशी पाडली जात आहेत, तसतसा हा पुरावाही नाहीसा होत आहे.