डाएटिंग आणि केसगळती

वजन झपाट्याने उतरवल्यानंतर दोन-तीन महिन्यांनी अनेकांचे केस भरभर गळू लागतात. एवढ्या अवधीमुळे डाएटिंगची आठवण होत नाही आणि दोष शाम्पूला किंवा पाण्याला दिला जातो.

डोक्यावरील सुमारे एक लाख केसांपैकी ८५ ते ९० टक्के केस वाढीच्या अवस्थेत, तर उरलेले बहुतेक विश्रांतीच्या अवस्थेत असतात. रोज ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक आहे. आहार एकाएकी तोडल्यास मात्र एरवीपेक्षा कितीतरी अधिक केस एकाच वेळी विश्रांतीत जातात आणि पुढे गळतात. वैद्यकशास्त्रात यास ‘टेलोजेन एफ्लुव्हियम’ म्हणतात. केस प्रामुख्याने केराटिन या प्रथिनाचे बनलेले असल्याने प्रथिनांची, तसेच लोह व जस्ताची उणीव त्यात भर घालते.

केसांची मुळे शाबूत राहत असल्याने आहार सुधारल्यावर गळती साधारणतः सहा महिन्यांत आटोक्यात येते. दाटपणा परतण्यास अधिक काळ लागतो. आठवड्याला अर्धा ते एक किलो वजन घटवणे पुरेसे आहे. डाळी, उसळी, दूध, अंडी, पालेभाज्या वगळू नयेत. जीवनसत्त्वाच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत; ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अतिरेकानेही केस गळतात. गळती न थांबल्यास हिमोग्लोबिन, फेरिटिन व थायरॉइडची तपासणी करून त्वचारोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.