दारफाळणीचा सण

आम्हां बुलढाण्याकडील वाचकांस तेली व त्याचा घाणा परिचयाचे आहेत. परंतु 'शनवार तेली' हें नांव ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. कोंकणांत, आजच्या रायगड जिल्ह्यांतील गांवोगांवीं, तेलाचा धंदा करून शनिवारीं घाणा बंद ठेवणाऱ्या बेने इस्राएल लोकांस शेजारी याच नांवानें ओळखीत. गलबत फुटून नवगांवच्या किनाऱ्यास लागलेल्या सात जोडप्यांची आपण संतति, असें हे यहुदी लोक परंपरेनें सांगतात. धर्मग्रंथ त्यांजपाशीं राहिले नाहींत, हिब्रू भाषा विसरली गेली. ईश्वराचें एकत्व सांगणारी 'शेमा' ही प्रार्थना मात्र ओठांवर राहिली.

मग पापक्षालनाचा परमपवित्र दिवस, योम किप्पूर, त्यांनीं राखिला कसा? तिश्री महिन्याच्या दशमीस, म्हणजे आपल्या भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास, ते पांढरीं वस्त्रें लेऊन दार लावून घेत, निराहार राहत व परक्याचा स्पर्श टाळीत. यावरून त्यास मराठी नांव पडलें 'दारफाळणीचा सण', म्हणजे दार लावण्याचा सण. दुसरा दिवस 'शिळा सण'. त्या दिवशीं दारें उघडून गोरगरिबांस दान देत व इष्टमित्रांस भेटत. या पर्वांत मृत पूर्वज घरीं येतात, अशी त्यांची समजूत होती. हें वाचून आपल्या पितृपक्षाची आठवण कोणास होणार नाहीं?

पुढें जाणत्यांची शिकवण मिळाली. १७९६ सालीं सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनीं मुंबईंत या समाजाचें पहिलें प्रार्थनामंदिर उभारिलें, आणि घरांतील मूक उपवासास हिब्रू प्रार्थनेची वाणी लाभली. हा लाभ मोठाच. तथापि जुन्या आचारास अज्ञान म्हणून हंसणें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. या दिवसाची अखेरची प्रार्थना 'नेइला'. तिच्या नांवाचा अर्थही द्वार मिटणें असाच आहे. सूर्यास्तीं स्वर्गाचें द्वार मिटण्यापूर्वीं क्षमा मागावी, हा तिचा भाव. दिवेकरांच्या मंदिराचें हिब्रू नांवही 'दयेचें द्वार' या अर्थाचें. मंत्र हरपलेल्या लोकांनीं, योगायोगानें म्हणा वा स्मृतिबलानें म्हणा, तीच खूण घराच्या दारांत जपिली होती.

१९४८ नंतर या समाजांतील बहुतेक कुटुंबें इस्रायलास गेलीं. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनीं १८९७ सालीं लिहिलेल्या व १९३७ सालीं प्रसिद्ध झालेल्या इतिहासांत हीं मराठी नांवें नोंदलीं, म्हणून तीं आज आपणांस कळतात. ग्रंथ हरवतो, भाषा बदलते. पण सर्वांनीं मिळून वर्षांतून एक दिवस पाळलेला नेम टिकतो. आपल्या घरीं अर्थ विसरून चालत आलेलें एखादें व्रत मोडण्यापूर्वीं त्याच्या दाराआड काय जपलें आहे, हें आपण एकदां पाहावें.