हाली, कलदार आणि बट्टा

मुखेडहून उदगीर-लातूरच्या वाटेने आषाढीला निघालेला वारकरी मोगलाईची हद्द ओलांडून बार्शीकडच्या इंग्रजी मुलखात शिरे, तेव्हा त्याची भाषा बदलत नसे, दैवत बदलत नसे, शिदोरीतल्या भाकरीची चवही बदलत नसे. परंतु कमरेच्या कशातला त्याचा रुपया मात्र परका ठरे. निजामाच्या अंमलात हाली सिक्का चाले आणि हद्दीपलीकडे इंग्रजांचा कलदार. परदेशात कार्ड वापरताना कापल्या जाणाऱ्या जादा रकमेविषयी आज जी तक्रार घरोघर ऐकू येते, तिची ओळख आमच्या तालुक्याला अशी पंढरीच्या वाटेवरच झालेली आहे.

विसाव्या शतकातला हाली रुपया तळहातावर घेऊन पाहावा. एका अंगास चारमिनार, आणि त्याच्या कमानीत राज्यकर्त्याच्या नावाचे फारसी आद्याक्षर कोरलेले: महबूब अली खानाच्या नाण्यावर ‘मीम’, उस्मान अली खानाच्या नाण्यावर ‘ऐन’. हाली म्हणजे चालू, प्रचलित. या रुपयाचे वजन सुमारे 11.18 ग्रॅम, आणि त्यात हजार भागांस 818 भाग शुद्ध चांदी. कलदाराचे वजन 11.66 ग्रॅम, आणि त्यात बारा भागांस अकरा भाग चांदी. म्हणजे एकात सव्वानऊ ग्रॅमांहून किंचित कमी, तर दुसऱ्यात पावणेअकरा ग्रॅमांच्या जवळपास शुद्ध धातू. शंभर कलदारांस 116 रुपये 10 आणे 8 पै हाली, अर्थात सात हालींस सहा कलदार, हा जो सरकारी भाव ठरला होता, तो या चांदीच्या हिशेबाशी जुळणारा होता, आणि म्हणून त्या तफावतीस लूट म्हणणे अन्यायाचे होईल.

सराफाचा बट्टा त्याहून निराळा. बाजारभाव सरकारी भावाच्या खाली-वर होई, आणि सराफ आपल्या श्रमाचा व जोखमीचा मोबदला त्या भावातच मिसळून घेई. ज्या वारकऱ्यास सात-सहाचे प्रमाण पाठ होते त्यास बट्टा किती गेला हे लागलीच उमगे. ज्यास ते ठाऊक नव्हते तो हाती आलेली नाणी मोजून समाधानाने पुढे चालू लागे. व्यापाऱ्याची गोष्ट वेगळी. तो रोकड न नेता दर्शनी हुंडी नेई आणि हुंडणावळ आधी ठरवून घेई. मालावर करोडगिरीची जकात होती ती होतीच. 1802 च्या तहाने इंग्रजी मुलखाशी होणाऱ्या व्यापारावर तिचा दर शेकडा 5 ठरला होता.

17 सप्टेंबर 1948 रोजी निजामाचा अंमल संपला, आणि पुढच्या दशकात हाली सिक्काही व्यवहारातून गेला. दैवयोग असा, की त्याच सुमारास, 1950 साली, न्यूयॉर्कमध्ये डायनर्स क्लबचे पुठ्ठ्याचे कार्ड निघाले.

कार्डाच्या व्यवहारात मला तोच जुना हिशेब दिसतो. कार्ड कंपनीचा चलनदर हे सात-सहाचे प्रमाण. त्यावर बँकेचा मार्क-अप, बहुधा 2 ते 3.5 टक्के, हा बट्टा. आणि बट्ट्यावर 18 टक्के जीएसटी. लाख रुपयांच्या खरेदीवर साडेतीन टक्क्यांनी 3,500, आणि करापोटी आणखी 630, असे 4,130 रुपये जातात. हा बट्टा नसलेली कार्डेही मिळतात. निघण्यापूर्वी त्यांची चौकशी करावी, आणि परदेशी वापराची सोय स्वतः सुरू करून घ्यावी, कारण ऑक्टोबर 2020 पासून नव्या कार्डावर ती बंदच असते. क्रेडिट कार्डावर रोकड मात्र काढू नये; तिचे शुल्क वेगळे, आणि व्याज बहुधा पहिल्याच दिवसापासून लागते.

सर्वांत जपायचे ते दुकानदाराच्या यंत्राला. पुण्यात शिकून जर्मनीस गेलेली आपल्या गावची मुलगी पाव घेऊन उभी असते, यंत्र तिला दोन ओळी दाखवते, एकीत युरो आणि दुसरीत रुपये. परमुलखात घरचे चलन पाहून जीव सुखावतो आणि बोट तिकडे वळते. पण त्या रुपयांच्या ओळीत त्या यंत्रामागच्या सराफाने आपला भाव आधीच धरलेला असतो, आणि पुष्कळदा बँकही त्यावर आपले शुल्क लावते. युरोच्या ओळीवर बोट ठेवावे, पावती घ्यावी आणि महिनाअखेरीस ती बँकेच्या हिशेबाशी ताडून पाहावी.