लोह साचलं की साखर वाढते?

परवा कंपनीच्या वार्षिक तपासणीचा रिपोर्ट आला. उपाशीपोटी साखर १०८, फेरिटिन ३८०, आणि दोन्ही आकडे ठळक अक्षरांत. बाबांना डायबेटिस आहे, त्यामुळे साखरेचं कधीतरी होणारच होतं. पण फेरिटिन? म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा अंदाज. आमच्याकडे आईचं हिमोग्लोबिन कायम नऊच्या आसपास, फ्रीजवर लोहाच्या गोळ्यांचं पाकीट. लोह जास्तही होऊ शकतं, हे मला नवीनच. त्यात कुठेतरी वाचलं की जादा लोहाने डायबेटिस होतो. झालं! घाबरून आधी आईच्या गोळ्या बंद करायला सांगितल्या आणि मग वाचायला बसलो. (क्रम उलटा हवा होता, मान्य.)

तर गोष्ट सुरू होते पॅरिसमध्ये. १८६५ साली छापलेल्या आपल्या व्याख्यानांत आर्मां त्रूसो या नामांकित डॉक्टरांनी एका डायबेटिक रोग्याचं वर्णन केलंय. लघवीत साखर, यकृत खराब, आणि चेहऱ्याचा रंग चक्क ब्राँझसारखा. १८७१ मध्ये त्रोआझिए यांनी असाच रोगी नोंदवला. पुढे फ्रेंच डॉक्टरांत 'ब्राँझ डायबेटिस' हे नाव रूढ झालं. १८८९ मध्ये जर्मन पॅथॉलॉजिस्ट फॉन रेकलिंगहाउजेन यांनी अवयवांत साचलेल्या या रंगात लोह आहे हे ओळखलं. ते रक्तातून आलं असावं असं वाटून त्यांनी नाव दिलं 'हीमोक्रोमॅटोसिस'. कारण चुकलं, नाव मात्र चिकटलं. जुन्या कोडमधल्या व्हेरिएबलसारखं :)

मला खरा आवडला तो जोसेफ शेल्डन. इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टनचा डॉक्टर. तोवर जगभर छापून आलेले रोगी एकेक करून तपासून त्याने ३११ खात्रीचे निवडले आणि १९३५ मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं. निष्कर्ष असा की हा दोष जन्मजात आहे, शरीराची लोहाची व्यवस्थाच बिघडलेली असते. दारू वगैरे मूळ कारण नव्हे. पण सिद्ध कसं करणार? जनुकाचा डीएनए वाचण्याची सोयच नव्हती. १९६० च्या दशकात बॉस्टनच्या मॅकडोनाल्ड यांनी हे सगळं खाण्यापिण्याचं, विशेषतः दारूचं प्रकरण आहे असं जोरात मांडलं. १९७५ च्या सुमारास फ्रान्समध्ये रेन इथे मार्सेल सिमों यांनी आनुवंशिकतेचा धागा दाखवला, आणि १९९६ मध्ये एचएफई हे जनुक सापडलं. बहुतेक रोग्यांत त्याच्या दोन्ही प्रतींमध्ये एकच अक्षर बदललेलं! एका कॅरेक्टरचा बग, आणि शेल्डन बरोबर होता हे कळायला एकसष्ट वर्षं.

या बगने होतं काय? आपल्या अंगात लोह असतं जेमतेम तीन-चार ग्रॅम. आतड्यातून रोज एक-दोन मिलिग्रॅम आत येतं, तेवढंच झडणाऱ्या पेशींबरोबर जातं. जादा लोह बाहेर टाकायची सोयच शरीरात नाही, म्हणून सगळा कंट्रोल आत येण्यावर. यकृतातलं हेप्सिडिन हे हार्मोन तो दरवाजा लावतं. या रोग्यांत ते कमी पडतं, दरवाजा उघडाच राहतो. शुद्ध मेमरी लीक. वर्षानुवर्षं साचून वीस ग्रॅमच्याही वर जातं; यकृत आणि इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मरतात. उपाय १९५० च्या सुमारास आला, तो म्हणजे रक्त काढणे. एका बाटलीत साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह जातं. वीस ग्रॅमसाठी किती बाटल्या, हिशोब करून बघा.

हा आजार उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत जास्त, आपल्याकडे हा बग फारच दुर्मिळ. मग माझ्यासारख्याचं काय? २००४ मध्ये अमेरिकेतल्या नर्सेसचा एक मोठा अभ्यास आला. ३२,८२६ जणींचं रक्त आधीच जपून ठेवलेलं. पुढच्या दहा वर्षांत ज्यांना डायबेटिस झाला त्यांचं सरासरी फेरिटिन १०९ होतं, ज्यांना झाला नाही त्यांचं ७१.५. वजन, सूज वगैरेचा हिशोब घालूनही फरक उरला. पण गोम अशी की फेरिटिन यकृतात चरबी साचली तरी वाढतं, आणि ती चरबी साखरही वाढवते. कोण कोणाला ओढतंय हे नुसत्या रक्तातून सांगणं कठीण.

सोमवारी डॉक्टरांकडे गेलो. ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन ३१ टक्के, नॉर्मल. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर. "लोहाचं सोडा, पोटाचं बघा," म्हणाले. ब्राँझबिंझ काही नाही, नऊ तास खुर्ची आणि रात्रीचा पिझ्झा.

आईचंही फेरिटिन करून घेतलं. ७ आलं. सात! गोळ्या त्याच दिवशी परत सुरू केल्या. इतकी वर्षं ती गोळी सकाळच्या चहाबरोबर घेत होती, आणि चहाने लोह नीट शोषलं जात नाही. आता दुपारी लिंबूसरबताबरोबर घेते, आणि माझा हा डॉक्टरकीचा पराक्रम येईल त्या पाहुण्याला सांगते.