बदली गोलंदाज

नव्या गावी बदली झाली म्हणजे पहिल्या दिवशी हाती येते ते बहुधा दुसऱ्याने अर्धवट टाकलेले काम. प्रकरणे कोणी तरी सुरू केलेली असतात, मुदती उलटून गेलेल्या असतात, आणि चार्ज घेणाऱ्याने सही केली की त्या क्षणापासून साऱ्याची जबाबदारी त्याच्यावर येते. पुढे प्रकरण नीट तडीस गेले तर श्रेय कोणाचे, हे सहसा कोणी विचारीत नाही. आमच्या वाचकांपैकी अनेकांना हा अनुभव नवा नसेल. अमेरिकेच्या बेसबॉल या खेळात नेमके हेच काम करणारा एक खेळाडू असतो. त्या वर्गातील एका विस्मृतप्राय गृहस्थाचा वृत्तांत येथे देण्याचे आम्ही योजिले आहे. त्यांचे नाव जिम कॉन्स्टँटी.

बेसबॉलमध्ये चेंडू टाकणाऱ्यास पिचर म्हणतात. आपण त्यास गोलंदाज म्हणू. क्रिकेटमध्ये षटक संपले की चेंडू दुसऱ्याच्या हाती जातो आणि थकलेला गोलंदाज विसावा घेऊन पुन्हा येऊ शकतो. बेसबॉलमध्ये तशी सवलत नाही. आरंभी जो उभा राहतो तोच शक्य तोवर एकटा टाकीत राहतो, आणि त्यास एकदा काढले म्हणजे त्या सामन्यापुरता त्याचा खेळ संपतो. त्याच्या जागी येतो तो बदली गोलंदाज. तो येतो तेव्हा प्रतिपक्षाचे गडी बेसवर उभे असतात, हातची आघाडी निसटू पाहत असते आणि प्रेक्षकांचा धीर सुटलेला असतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आरंभ करणाऱ्याने नऊही डाव स्वतः पुरे करावेत, यातच पुरुषार्थ मानला जाई. बदलीचे काम बहुधा उतरत्या वयाच्या किंवा आरंभासाठी न निवडल्या गेलेल्या खेळाडूंच्या वाट्याला येई.

कॉन्स्टँटी यांचा जन्म २ मार्च १९१७ रोजी न्यूयॉर्क राज्यातील स्ट्रायकर्सव्हिल या लहानशा गावी झाला. सिराक्यूज विद्यापीठातून १९३९ साली पदवी घेतल्यावर ते शाळेत व्यायामशिक्षक झाले. १९४४ मध्ये सिनसिनाटीकडून आणि १९४६ मध्ये बोस्टनकडून ते वरच्या श्रेणीत खेळले. पण दोन्ही ठिकाणी त्यांचा जम बसला नाही, आणि त्यांना खालच्या श्रेणीत टोरोंटो येथे जावे लागले. तेथील व्यवस्थापक एडी सॉयर यांना १९४८ साली फिलाडेल्फियाच्या फिलीज संघाची सूत्रे मिळाली, तेव्हा त्यांनी कॉन्स्टँटींनाही बोलावून घेतले. डोळ्यांवर चष्मा, चेंडूला वेग बेताचा, आणि वय तिशी ओलांडलेले! त्यांची सारी भिस्त चेंडूच्या वळणावर होती. हे वळण साधेनासे झाले की ते आपल्या एका शेजाऱ्याचा सल्ला घेत. अंत्यविधीची व्यवस्था करणे हा त्या शेजाऱ्याचा व्यवसाय होता. त्याला बेसबॉलचे ज्ञान नव्हते. परंतु चेंडू कसा फिरतो हे त्याला बिलियर्डच्या टेबलावरून चांगले उमगले होते.

१९५० हे त्यांचे वर्ष ठरले. १९१५ नंतर फिलीज संघाने नॅशनल लीगचे अजिंक्यपद एकदाही मिळविले नव्हते. त्या वर्षी बहुतेक तरुण खेळाडूंच्या बळावर हा संघ अग्रभागी आला. कॉन्स्टँटी ७४ सामन्यांत मैदानात उतरले, आणि त्यांतील एकाचाही आरंभ त्यांनी केला नव्हता. त्यांच्या नावावर १६ विजय आणि ७ पराजय लागले. सप्टेंबरमध्ये कोरियाच्या युद्धामुळे कर्ट सिमन्स या डावखुऱ्या गोलंदाजास लष्करी सेवेसाठी जावे लागले, आणखी दोघे जायबंदी झाले, आणि मोठी आघाडी हातची जाऊ लागली. अखेर १ ऑक्टोबर रोजी ब्रुकलिनमध्ये, अगदी शेवटच्या सामन्याच्या दहाव्या डावात, डिक सिसलर यांच्या टोल्याने अजिंक्यपद राखले गेले. तो सामना रॉबिन रॉबर्ट्स यांनी आरंभापासून अखेरपर्यंत एकट्याने टाकला होता.

यानंतर न्यूयॉर्कच्या यांकीज संघाशी वर्ल्ड सिरीजची गाठ होती. रॉबर्ट्स थकलेले, सिमन्स लष्करात. सॉयर यांनी पहिल्या सामन्याचा आरंभ करण्यासाठी कॉन्स्टँटी यांची निवड केली, तेव्हा सर्वांनाच आश्चर्य वाटले. वर्षभर इतरांचे काम निस्तरणाऱ्यास स्वतःचे काम पहिल्यापासून करण्याची संधी अशी आली! ४ ऑक्टोबर रोजी फिलाडेल्फियाच्या शाइब पार्कमध्ये त्यांनी आठ डाव टाकले आणि यांकीजसारख्या बलाढ्य संघास केवळ चार फटके व एक धाव मिळू दिली. परंतु समोर व्हिक रॅशी होते. त्यांनी फिलीजना दोनच फटके दिले आणि धाव एकही दिली नाही. कॉन्स्टँटी ०-१ असे हरले.

तिसऱ्या सामन्यात ते पुन्हा आपल्या नेहमीच्या जागी आले. फिलीज एका धावेने पुढे होते, आठव्या डावात दोन गडी बाद झाले होते; पण तिन्ही बेस भरलेले होते. कॉन्स्टँटींनी फलंदाजास जमिनीलगत फटका मारावयास लावले. याहून अधिक काही गोलंदाजाच्या हाती नसते. क्षेत्ररक्षकाच्या हातून चेंडू निसटला आणि बरोबरी झाली. जो गडी धाव पुरी करून आला, त्यास आधीच्या गोलंदाजाने बेसवर जाऊ दिले होते. म्हणून नियमाप्रमाणे ती धाव कॉन्स्टँटींच्या खाती पडली नाही. सामना मात्र पुढच्या डावात गेला. चौथ्या सामन्यात आरंभीच्या गोलंदाजास पहिल्याच डावात काढावे लागले आणि पुन्हा त्यांनाच पाचारण झाले. मालिका ०-४ अशी संपली.

त्या वर्षी नॅशनल लीगच्या सर्वाधिक मोलाच्या खेळाडूचा मान कॉन्स्टँटी यांना मिळाला. स्टॅन म्यूझियल यांच्यासारखा श्रेष्ठ फलंदाज त्यांच्या मागे राहिला. हा मान मिळविणारे ते पहिले बदली गोलंदाज. आणि अमेरिकन लीगमध्ये पुढे तिघांना तो मिळाला असला, तरी नॅशनल लीगमध्ये आजतागायत ते एकटेच आहेत. तेव्हा समकालीनांनी त्यांची उपेक्षा केली असे म्हणता येणार नाही.

मग विस्मृती का आली? याचे एक कारण उघड आहे. पुढच्याच वर्षी त्यांच्या नावावर ४ विजय व ११ पराजय लागले. १९५५ मध्ये यांकीजकडून त्यांनी पुन्हा उत्तम कामगिरी केली. तरी १९५० चे यश परत आले नाही, आणि १९५६ नंतर ते वरच्या श्रेणीतून निवृत्त झाले. एका वर्षाच्या कर्तृत्वावर कोणाला अमरत्व मिळत नाही, आणि ते मिळावे असा आमचाही आग्रह नाही. परंतु दुसरे कारण अधिक विचार करण्याजोगे आहे. बदली गोलंदाजाने राखून दिलेला सामना मोजण्यासाठी त्या काळी अधिकृत रकानाच नव्हता. संघाची आघाडी त्याने अखेरपर्यंत सांभाळली, तरी विजय लागे तो दुसऱ्याच्या नावावर. शिकागोचे पत्रकार जेरोम होल्ट्झमन यांनी १९६० च्या सुमारास अशा सामन्यांच्या मोजणीची पद्धत पुढे मांडली, आणि १९६९ साली तिला अधिकृत मान्यता मिळाली. त्यास ते ‘सेव्ह’ म्हणतात.

रकाना तयार झाल्यावर या खेळाच्या अभ्यासकांनी जे केले, त्याचे आम्हास फार कौतुक वाटते. त्यांनी जुन्या सामन्यांचे धावफलक उलगडून मागील वर्षांचेही हिशेब पुन्हा मांडले. त्या हिशेबात १९५० च्या ओळीत कॉन्स्टँटींच्या नावापुढे २२ हा आकडा आला. जे काम होऊन एकोणीस वर्षे लोटली होती, त्याची नोंद अशी झाली. १९७१ साली अशाच सोळा हौशी संशोधकांनी कूपर्सटाउन येथे एकत्र येऊन बेसबॉल-संशोधनाची संस्था स्थापिली.

कूपर्सटाउन हे बेसबॉलच्या कीर्तिमंदिराचे गाव. तेथून वीस-पंचवीस मैलांवर वनिऑन्टा येथे कॉन्स्टँटी यांचे खेळाच्या साहित्याचे दुकान होते, आणि तेथीलच हार्टविक कॉलेजात काही वर्षे ते क्रीडाविभागाचे प्रमुख होते. ११ जून १९७६ रोजी वयाच्या ५९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्याच उन्हाळ्यात त्यांचे सहकारी रॉबर्ट्स यांचा त्या कीर्तिमंदिरात समारंभपूर्वक प्रवेश झाला. कॉन्स्टँटींना तेथे स्थान मिळाले नाही. ज्या शाइब पार्कमध्ये त्यांनी तो आरंभ केला होता, तेही १९७६ मध्येच पाडले गेले. २०२२ च्या डिसेंबरात कर्ट सिमन्स वारले, आणि त्या संघाचा शेवटचा साक्षीदारही गेला.

आता उरले आहेत ते धावफलक आणि ते वाचणारे रसिक. त्यांतील बहुतेकांनी कॉन्स्टँटींना खेळताना पाहिलेले नाही. तरी १९५० चा विषय निघाला की ते रॉबर्ट्स आणि सिसलर यांच्याबरोबर चष्म्यातील त्या व्यायामशिक्षकाचेही नाव घेतात, आणि ७४ या आकड्यावर बोट ठेवतात. पुतळ्यांहून आम्हास ही आठवण अधिक भरवशाची वाटते. दुसऱ्याचा बिघडलेला डाव सावरणाऱ्यास जगाने त्याच दिवशी ओळखावे, अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. परंतु कागद जपून ठेवलेले असले आणि ते पुन्हा उघडण्याइतकी आस्था कोणास असली, तर उशिरा का होईना, हिशेब पुरा होतो. आपापल्या कचेरीत जुनी कागदपत्रे चाळताना एखाद्या अनोळखी पूर्वाधिकाऱ्याचा नेमका व प्रामाणिक शेरा दृष्टीस पडला, तर वाचकांनी त्याखालचे नाव एकवार वाचावे, एवढेच आमचे मागणे आहे.