बेटांवरील उंदीर : जनुकीय विलगता

बेटांवरील उंदरांच्या वसाहती एकमेकींपासून किती तुटलेल्या आहेत, हे डीएनएवरून ठरवण्याची अभ्यासपद्धती. बहुतेक सागरी बेटांवर उंदीर पोचले ते जहाजांतून. जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी-पिल्ले ते फस्त करतात, म्हणून त्यांच्या निर्मूलनाच्या मोहिमा निघतात. एका बेटावर विष टाकावे आणि शेजारच्या बेटावरून नवे उंदीर पोहत यावेत, तर सगळा खर्च पाण्यात.

बेटांमध्ये अशी ये-जा आहे का, हे आधी तपासण्यासाठी पकडलेल्या उंदराच्या शेपटीचे टोक किंवा कानाचा कपटा नमुना म्हणून घेतात. डीएनएत काही ठिकाणी दोन-चार अक्षरांचा क्रम पुन्हा पुन्हा येतो. या जागांना मायक्रोसॅटेलाइट म्हणतात. आवर्तनांची संख्या उंदरागणिक बदलते. मोजक्या उंदरांपासून वाढलेल्या एकाकी वसाहतीत मुळातच वैविध्य कमी असते आणि पिढ्यांगणिक त्यातलेही काही निव्वळ योगायोगाने गळते. ये-जा चालू असेल, तर दोन्हीकडचे नमुने जुळत राहतात.

विलगता किती दूर नेऊ शकते, हे मदेरा बेटावर दिसते. घरातल्या छोट्या उंदराची गुणसूत्रे सहसा ४०. मदेरात मात्र ती २२ ते ३० भरतात. गुणसूत्रे जोडीजोडीने चिकटल्याने संख्या घटली. उंच डोंगरांनी विभागलेल्या या एकाच बेटावर असे सहा वंश आढळल्याचे २००० साली प्रसिद्ध झाले.

दक्षिण अटलांटिकमधील साउथ जॉर्जिया बेटावर सील आणि देवमाशांच्या शिकाऱ्यांबरोबर तपकिरी उंदीर आले. तेथे भिंतीचे काम हिमनद्या करत होत्या. ब्रूस रॉबर्टसन आणि नील गेमेल यांनी २००४ साली तिथल्या उंदरांच्या डीएनएवरून ‘निर्मूलन-एकक’ ही कल्पना मांडली : ज्या प्रदेशात बाहेरून उंदीर येत नाहीत, तो एका दमात साफ करता येतो. हिमनद्या मागे हटत असल्याने घाई होती. २०११ ते २०१५ दरम्यान हेलिकॉप्टरमधून विषारी आमिष टाकले गेले. २०१८ मध्ये बेट उंदीरमुक्त जाहीर झाले.

समुद्र मात्र दर वेळी अडवतोच असे नाही. न्यूझीलंडच्या संशोधकांनी २००४ च्या अखेरीस रॅझा नावाचा तपकिरी नर रेडिओ-पट्टा बांधून उंदीर नसलेल्या मोटूहोरोपापा बेटावर सोडला. काही आठवड्यांनी तो ४०० मीटर पोहून ओटाटा बेटावर गेला. लेंडीतल्या डीएनएवरून त्याची ओळख पटली. पेंग्विनच्या ताज्या मांसाचे आमिष लावल्यावर, एकूण १८ आठवड्यांनी, तो सापळ्यात अडकला.

साफ केलेल्या बेटावर पुन्हा उंदीर दिसला, तर तो वाचलेला की नवा आलेला, हे मोहिमेपूर्वी जपून ठेवलेल्या नमुन्यांशी ताडून सांगता येते. मात्र दोन बेटांवरचे उंदीर अलीकडेच एकाच जहाजातून उतरलेले असतील, तर ये-जा नसतानाही त्यांचे डीएनए सारखे दिसतात. म्हणून डीएनएच्या जोडीला जहाजांच्या जुन्या नोंदी आणि बेटांमधले अंतरही पाहावे लागते.