गुंठेवारी नियमितीकरण

गुंठेवारी नियमितीकरण : ले-आउट मंजूर न करता शेतजमीन गुंठ्यागुंठ्याने तोडून विकली की होणारे भूखंड शुल्क भरून कायदेशीर करून घेण्याची महाराष्ट्रातील पद्धत. गुंठा म्हणजे 33 फूट लांब, 33 फूट रुंद, 1,089 चौरस फूट. असे 40 गुंठे मिळून एक एकर. शहराच्या कडेला कमी पैशात घर बांधायचे तर एवढीच जागा हाती लागते, म्हणून सांगली, छत्रपती संभाजीनगर, नागपूर येथे अशा वस्त्या भराभर वाढल्या.

अडचण 1947 च्या तुकडेबंदी कायद्याची. वाटण्या होत होत शेत कसण्याजोगे उरणार नाही, ही त्यामागची चिंता. प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकडा विकता येत नाही. 2023 पासून बहुतेक जिल्ह्यांत ही मर्यादा जिरायतीला 20 आणि बागायतीला 10 गुंठे आहे. पळवाट लोकांनीच काढली : दहाजणांनी मिळून अकरा गुंठे घ्यायचे, सातबारा सामाईक ठेवायचा आणि जागेवर दगड रोवून आपापला गुंठा ओळखायचा. कोणी नुसत्या नोटरीवर भागवले. मग कर्ज मिळत नाही, बांधकाम परवाना मिळत नाही; नाव लागलेच तर ‘इतर हक्क’ रकान्यात, सोबत ‘तुकडेबंदी कायद्याविरुद्ध व्यवहार’ हा शेरा.

वस्त्यांसाठी 2001 मध्ये स्वतंत्र गुंठेवारी कायदा झाला. 1 जानेवारी 2001 पूर्वीच्या भूखंडांपुरती असलेली त्याची मुदत 2021 च्या दुरुस्तीने 31 डिसेंबर 2020 पर्यंत आली. महापालिका किंवा नियोजन प्राधिकरण प्रशमन शुल्क व विकास आकार घेऊन प्रमाणपत्र देते. नागपुरात ‘572 आणि 1900 ले-आउट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वस्त्यांत याच कागदाला ‘आरएल’ म्हणतात आणि घर विकताना गिऱ्हाईक आधी तोच मागते. सरकारी जमिनीवरील अतिक्रमणाला हा मार्ग नाही.

तुकडेबंदीचा व्यवहार नियमित करण्याची किंमत मात्र घसरतच गेली. तुकडेबंदी कायद्याच्या 2017 च्या दुरुस्तीत बाजारमूल्याच्या 25 टक्क्यांपर्यंत अधिमूल्य होते. एवढे भरायला फारसे कोणी पुढे आले नाही, तेव्हा ऑक्टोबर 2024 च्या अध्यादेशाने ते 5 टक्क्यांवर आणले. नोव्हेंबर 2025 च्या अध्यादेशाने नागरी व निवासी क्षेत्रांतील 15 नोव्हेंबर 1965 ते 15 ऑक्टोबर 2024 दरम्यानचे व्यवहार विनामूल्य नियमित करण्याची वाट काढली. आधी प्रामाणिकपणे पैसे भरणारा यात फसला, हे उघड आहे.

विनामूल्य म्हणजे अधिमूल्य नाही, एवढेच. नोटरीवरच्या व्यवहाराचे आधी मुद्रांक शुल्क भरून दस्त नोंदवावे लागतात. शिवाय नियमित होतो तो तुकडा. विकणाऱ्याची मालकीच वादात असेल, तर तो वाद दिवाणी न्यायालयातच सुटतो.